फक्त झोपायला येऊ

बुवांनी गाणं सोडलं, ही बातमी वहिनींनी फोनवर दिली तेव्हा मी दाढी करत होतो. एका गालाला साबण तसाच ठेवून मी खुर्चीत बसलो आणि तो साबण वाळेपर्यंत उठलो नाही.

बुवा म्हणजे माझे मित्र. वीजकंपनीत मीटर तपासून त्यांनी संसार केला, पण जन्म घेतला तो कीर्तनासाठी. ते पुढे उभे राहून ओळ टाकायचे आणि मी मागे उभा राहून ती उचलून धरायचो. कुठे ते खोकणार, कुठे उपरणं झटकणार, कुठे श्रोत्यांना हसवून पुढच्याच क्षणाला डोळे पुसायला लावणार, हे मला आधी कळायचं आणि तरीही दर वेळी मी हसायचो आणि डोळे पुसायचो. निवृत्तीनंतर ते मुलाकडे परदेशी गेले. जाताना म्हणाले होते, "देव काय इथेच राहतो होय? तिथेही म्हणेन."

"म्हणत होते हो," वहिनी फोनवर सांगत होत्या. "पण खालच्या बिऱ्हाडकरूने एकदा छताला काठी ठोकली. हळूच ठोकली बिचाऱ्याने. पण ह्यांचा सूर त्या ठोक्यावर थांबला तो थांबलाच. आता आंघोळीतसुद्धा गुणगुणत नाहीत. नळ सोडतात, बंद करतात, बाहेर येतात. भावोजी, मला त्या न्हाणीघराची भीती वाटायला लागलीये."

मी जायचं ठरवलं. बुवा माझ्यासमोर गायले नाहीत, असं आजवर झालेलं नाही. वर्षअखेरच्या सुट्टीत बुवांचा मुलगा आणि सून बाहेरगावी जाणार होते, म्हणजे घरही रिकामं होतं. पण आमच्या हिची एक अट निघाली.

"कोणाच्या घरी जाऊन पसरायचं नाही," ही म्हणाली. "वहिनींनी आपल्याला रांधून घालायचं आणि आपण पाय पसरून बसायचं, हे मला जमणार नाही. हल्ली लोक पाठीवर पिशवी टाकून जग फिरतात. दिवसभर भटकतात आणि रात्री ओळखीच्यांकडे अंग टाकतात. आपण तसं जाऊ."

"आपल्या वयाला?"

"पिशवीला वय कळतं का?"

लगेच फोन हातात घेऊन हिने सांगूनही टाकलं. "वहिनी, आम्ही फक्त झोपायला येऊ हं! तुम्ही आमचं अगदी काही करायचं नाही." पुढचं सगळं रामायण ह्या एका वाक्यातून निघालं, पण त्या वेळी ते मलाही फार सुसंस्कृत वाटलं होतं.

आम्ही निघणार हे कळल्यावर इमारतीतल्या सगळ्यांनाच परदेशाची माहिती असल्याचं उघडकीला आलं. तळमजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर एकदा परदेशी जाऊन आलेत. त्या गोष्टीला फार वर्षं झाली, पण ते अजून "परवा गेलो होतो तेव्हा" असंच म्हणतात. त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "कोणाकडे बघून हसू नका. तिथे एकदा हसलात की रोज हसावं लागतं." समोरच्या काकू कधी गावाबाहेरही गेलेल्या नाहीत, पण थंडीवर त्यांचा अधिकार दांडगा. "हाडात शिरते हो. आत लोकरीची तुमान घाला. दिसते कोणाला!" असं म्हणून त्यांनी काकांची तुमान आणूनही दिली. ती काकांच्या मापाची होती, आणि काका फार सडपातळ आहेत, एवढंच इथे सांगतो.

पिशवी भाच्याने दिली. तो डोंगर चढतो. त्या पिशवीला इतके पट्टे होते, की ती पिशवी आहे की घोड्याचं खोगीर हे कळेना. "मामा, वजन कमरेवर घ्यायचं, खांद्यावर नाही," त्याने सांगितलं. कमरेवर वजन घेण्याची कमरेचीही तयारी हवी, हे डोंगर चढणाऱ्यांना ठाऊक नसावं. मी जिन्यात सराव करायला गेलो आणि तिसऱ्या पायरीवर मागे झुकलो. पडलो तो पिशवीवरच, त्यामुळे लागलं नाही. पण उठताही येईना. उताण्या कासवासारखे हातपाय हलवत असताना बँक मॅनेजर वर आले, माझ्याकडे पाहून म्हणाले, "सराव वाटतं? छान!" आणि परवा ते गेले होते तेव्हा त्यांचं सामान कसं चुकीच्या विमानात गेलं, ती हकिगत मला त्याच अवस्थेत पूर्ण ऐकवून मग हात दिला.

परवान्याच्या कचेरीत काचेपलीकडे एक मुलगी बसली होती.

"येण्याचा हेतू?"

"कीर्तन ऐकणे," मी म्हणालो. देवाच्या कामाला निघताना खोटं कशाला?

"हा पर्याय नाहीये, काका. पर्यटन, व्यवसाय, शिक्षण, उपचार."

ह्या चारही गोष्टी कीर्तनात असतात, असं मी तिला सांगणार होतो, पण मागे रांग होती.

"यजमानांशी नातं?"

"ते पुढे म्हणतात, मी मागून म्हणतो."

"म्हणजे ते वरिष्ठ, तुम्ही कनिष्ठ?"

मी विचार केला. "हो. तसंच."

"मग व्यवसाय," ती म्हणाली आणि कंपनीचं पत्र मागू लागली. कसली कंपनी? देवाचं पत्र कोण आणून देणार? आम्हाला परत पाठवलं गेलं. पुढच्या खेपेला हिने मला बाहेरच्या बाकावर बसवलं, आत जाऊन "पर्यटन, मित्र" एवढंच सांगितलं आणि हसत बाहेर आली. खोट्याला रांग लागत नाही, हा अनुभव मी तेव्हा घेतला.

असो. पूर्वरंग लांबला. आम्ही पोचलो.

बुवांनी दार उघडलं. पायात मोजे, अंगात मुलाचा जुना कोट, आणि आवाज इतका बारीक की मला वाटलं घरात कोणी आजारी आहे. "ये रे, ये," ते कुजबुजले. मी पुढे झालो आणि पिशवी दारात अडकली. बुवांनी आतून ओढलं, हिने बाहेरून ढकललं, आणि इतक्या वर्षांनी झालेली आमची गळाभेट थेट जमिनीवर झाली. बुवांनी दचकून खाली बोट दाखवलं. "हळू. खाली राहतात."

आम्ही बसलो. बुवा म्हणाले, "चहा घेणार?"

"नको नको, कशाला उगीच," मी म्हणालो.

आता हे "नको" काही शेवटचं नव्हे, हे कोणत्याही संस्कारी माणसाला सांगावं लागत नाही. ती नुसती सुरुवात असते. त्यावर यजमान म्हणतो, "असं कसं?" आपण म्हणतो, "खरंच नको, आत्ताच झालाय." यजमान म्हणतो, "आमच्याकडचा कुठे झालाय?" मग आपण म्हणतो, "बरं, अर्धा कप," आणि पूर्ण कप येतो. चहाला चव येते ती ह्या ओढाताणीने.

बुवा म्हणाले, "बरं." आणि हातातलं पातेलं त्यांनी खिळ्याला परत अडकवलं.

मी हिच्याकडे पाहिलं. हिने माझ्याकडे पाहिलं. वहिनी काही तरी बोलणार होत्या, पण बुवांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि त्याही गप्प बसल्या. जेवायच्या वेळी तेच झालं. "जेवणार?" "नको, भूक नाही फारशी." "बरं." मी त्या रात्री, आणि पुढेही रोज, विमानातून आणलेल्या पुड्यांतली बिस्किटं पांघरुणात तोंड घालून, आवाज न करता खाल्ली.

"आपण आलेलं आवडलेलं नाही," ही अंधारात पुटपुटली.

"बुवा तसे नाहीत."

"मग एकदाच का विचारलं? मोलकरणीलासुद्धा मी दोनदा विचारते."

मी कूस बदलली. आता तर गाण्याचा विषय काढायचीही सोय राहिली नाही. ज्या घरात चहाचा आग्रह होत नाही, तिथे आपण कीर्तनाचा आग्रह कोणत्या तोंडाने करणार?

तेव्हा सकाळी लवकर उठून आम्ही पांघरुणांच्या घड्या घातल्या, पिशव्या कोपऱ्यात लपवल्या, खोलीत कोणी राहिलंच नाही असं करून ठेवलं आणि बाहेर पडलो. "कुठे निघालात?" बुवांनी विचारलं. "फिरायला! केवढं बघायचंय!" मी म्हणालो. बुवांचा चेहरा पडल्यासारखा वाटला, पण ते म्हणाले, "वा वा. फिरा. मजा करा."

बघण्यासारखं सगळं सुट्टीनिमित्त बंद होतं. संग्रहालयाला कुलूप, दुकानांना पडदे. बागेत दोन बाकं होती, पण त्यांवर बसल्यावर काकूंचं हाडाबद्दलचं मत शंभर टक्के पटलं. एक बस गावाला गोल फेरी घालते, असं कळल्यावर आम्ही तिच्यात बसून राहिलो. तीच घरं, तोच पूल, तोच दुधाचा ट्रक पुन्हा पुन्हा बघून झाल्यावर चालकाने गाडी उभी केली, मागे येऊन आमच्याकडे काळजीने पाहिलं आणि हाताने विचारलं, कुठे जायचंय? मी हसलो. तोही हसला. दुसऱ्या दिवशी आम्हाला पाहिल्याबरोबर तो हसला. बँक मॅनेजरांचं बरोबर होतं.

शेवटी देवाने वाट दाखवली. एका गल्लीत काचेचं दुकान होतं, काचेवर आतून वाफ धरली होती. कपडे धुण्याचं दुकान. ओळीने यंत्रं, समोर लांब बाक, आणि ऊब. आम्ही बाकावर टेकतो न टेकतो तोच दुकानाची मालकीण उठली. बाह्या वर केलेली धिप्पाड बाई. तिने न बोलता भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवलं. पाटीवर बाकावर बसलेल्या माणसाचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली.

"कपडे टाकल्याशिवाय बसता येत नाही," हिने अर्थ लावला. "काढा."

"काय काढू?"

"मोजे हो!"

आम्ही दोघांनी आपापले मोजे धुवायला टाकले आणि अनवाणी पाय बाकाखाली ओढून ते गरगर फिरताना पाहत बसलो. पुढे रोज दुपारनंतरचं आमचं तेच पर्यटन झालं. त्या देशातलं दुसरं काही मला आठवत नाही, पण त्या यंत्राचं दार मी आजही चित्रात काढून दाखवीन. संध्याकाळी घरी गेल्यावर बुवा विचारायचे, "काय पाहिलंत आज?" आणि ही सांगायची, "पाण्याचाच प्रकार होता. फार सुंदर."

मग एके दिवशी सकाळपासूनच पाऊस लागला. बागेची सोय नाही, आणि बसवाला नव्याने काळजीत पडेल, म्हणून आम्ही सकाळीच थेट धुलाईच्या दुकानात गेलो. दार ढकललं. बाकावर बुवा आणि वहिनी बसले होते. समोरच्या यंत्रात एक पांढरी चादर एकटीच फिरत होती.

आम्ही दारातच थबकलो. चादर मात्र फिरत राहिली.

"तुम्ही फिरायला गेला होता ना?" वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही घरी होता ना?" ही म्हणाली.

"घर तुम्हाला मोकळं मिळावं म्हणून आम्ही सकाळी बाहेर पडतो," बुवा खाली बघत म्हणाले. "तुम्ही मध्येच परत आलात तर आमची अडचण व्हायला नको."

"आणि तुम्हाला आमची अडचण होऊ नये म्हणून आम्ही संध्याकाळपर्यंत तोंड दाखवत नाही!" मी म्हणालो.

म्हणजे चौघांनी मिळून एका गरम घराला रोज कुलूप लावलं होतं आणि आत हीटर बिचारा एकटाच शेकत बसत होता. सकाळी त्यांची चादर, दुपारी आमचे मोजे. एवढ्या दिवसांत गाठ कशी पडली नाही, ह्याचंच नवल. मालकीण तेवढी आम्हा चौघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला सगळं ठाऊक असावं.

"पण वहिनी, एकदाच विचारलंत हो तुम्ही!" हिचा बांध फुटला. "एकदा विचारण्याला काय विचारणं म्हणतात? चहा घेणार? नको. बरं! असं कुठे असतं?"

"मला सांगता?" वहिनी उसळल्या. "रोज चौघांचे तांदूळ काढते आणि दोघांचे परत डब्यात ओतते! ह्यांना विचारा. ह्यांच्या लेकाने जाताना बजावलंय. 'बाबा, ते पाठीवर पिशवी घेऊन फिरणारे लोक आहेत. त्यांच्या मागे लागायचं नाही. एकदा विचारायचं, नाही म्हणाले तर सोडून द्यायचं. त्यांना आग्रहाचा जाच होतो.' आणि हे बसले हरिश्चंद्रासारखे शब्द पाळत!"

"तुमचाच फोन होता ना, फक्त झोपायला येऊ म्हणून?" बुवा पुटपुटले. "मला वाटलं, हा बदलला. आता ह्याला जग बघायचंय. आपल्यापाशी कशाला बसेल?"

हे ऐकून मात्र मला राहवलं नाही. "बुवा, मला जग नाही बघायचं," मी म्हणालो. "मी तुमचं ऐकायला आलोय. परवान्याच्या कचेरीत मी तसंच सांगितलं होतं, वाटल्यास हिला विचारा."

बुवांनी मान फिरवली. "ते नको रे. बंद झालंय ते."

"खालच्याने एकदा ठोकलं म्हणून?"

"त्याने नुसतं ठोकलं नाही रे. मग वर येऊन त्याने विचारलं, हा आवाज कसला आहे. मला सांगता आलं नाही." त्यांनी कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं. "आता तोंड उघडलं की वाटतं, कोणी तरी विचारेल."

एवढ्यात चादर पिळण्याच्या फेरीला लागली. ते यंत्र जुनं होतं. पिळताना त्याचं सगळं अंग हलायचं आणि आतून धाड धाड धाड असा ठेका निघायचा. त्यात शेजाऱ्याचं बोलणंही ऐकू येईना. मी वाकून बुवांच्या कानात ओरडलो, "आता कोण विचारतंय?"

बुवांनी मान फिरवलेलीच ठेवली. पण मी त्यांच्या मागे जन्म काढलेला माणूस. त्यांच्या गुडघ्यावरचं बोट हलायला लागलं होतं. मग ओठ हलले. मग त्या धडधडीच्या खालून एक सूर आला, बारीक, गंजलेला, पण जागेवरचा. मी श्वास धरून बसलो. सूर हळूहळू वर चढला, बुवा बाकावरून उठले, आणि पहिली ओळ टाकून त्यांनी मागे न बघता हात मागे केला. मी ती उचलली.

आणि यंत्र थांबलं. बुवांचा शब्द अर्धाच तोंडात राहिला. त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि बसले. "बघ," ते म्हणाले.

"बघ काय? चालू करा ते!" वहिनी ओरडल्या. त्यांनी चादर काढली आणि पुन्हा आत कोंबली. मालकीण ताडकन आली, चादर बाहेर काढली, उजेडाला धरून आम्हाला दाखवली आणि जोरात मान हलवली. धुतलेलं पुन्हा धुणार नाही. तिच्या दुकानाच्या अब्रूचा प्रश्न होता.

मग काय! हिने एका दमात स्वतःची शाल, माझा स्वेटर, टोपी, मफलर आणि चार मोजे त्या यंत्रात लोटले. यंत्र धडधडायला लागलं. बुवा पुन्हा उठले. या वेळी त्यांनी कथा लावली. देव एका गरिबाच्या घरी वेष पालटून पाहुणा म्हणून येतो. गरीब विचारतो, जेवणार? देव म्हणतो, नको. "आणि मंडळी," बुवांनी माझ्याकडे हात केला, "तो गरीब म्हणाला, बरं!" वहिनी पदरात तोंड घालून हसल्या. "देव उपाशी! चार दिवस पांघरुणात बिस्किटं खातोय! कुरकुर आवाज घरभर, आणि देवाला वाटतंय कोणाला ऐकू येत नाही!" ही हसून हसून बाकावर आडवी झाली. माझी अब्रू गेली, पण कीर्तनात गेलेली अब्रू मी कधीच मोजत नाही.

यंत्र पुन्हा थांबलं. बुवा पुन्हा थांबले. आता तर उत्तररंगाच्या तोंडाशी. चौघांनी एकमेकांच्या अंगाकडे पाहिलं. बुवांचा आणि वहिनींचा कोट गरम पाण्यात आक्रसला असता. हिचं तर नेसूचं. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत माझ्या विजारीवर येऊन थांबल्या.

"अहो," ही म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

"द्या हो. बुवा उभे आहेत."

मी शेवटच्या यंत्रामागे गेलो. विजार काढून हात बाहेर केला. आत काकांची तुमान होती, तिच्याविषयी आधीच पुरेसं बोललो आहे. वहिनींनी दमट चादर माझ्याकडे फेकली. ती गुंडाळून, दात वाजवत, मी बुवांच्या मागे माझ्या जागेवर येऊन उभा राहिलो. मालकिणीने माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि यंत्राचं दार स्वतः लावून दिलं.

उत्तररंग मी तुम्हाला सांगू शकणार नाही. तो ऐकायचा असतो. एवढंच सांगतो, की गरिबाला कळतं आपल्या दारी कोण आलंय, आणि तो देवाच्या मागे पान घेऊन धावतो, आता घे, एक घास घे, माझ्यासाठी घे. बुवा ते धावणं म्हणत होते. आवाजावरचा गंज कुठच्या कुठे गेला होता. मी ओळ उचलत होतो, ती माझ्या हातून पुन्हा काढून घेऊन ते वर नेत होते, आणि दोन्ही बायका बाकावर टाळ्यांचा ठेका धरून होत्या.

कधी तरी माझ्या लक्षात आलं, की धडधड ऐकू येत नाही. यंत्र थांबलं होतं. केव्हाच थांबलं असावं. बाहेरचा पाऊसही ओसरला होता. त्या काचेच्या दुकानात बुवांचा एकट्याचा आवाज होता आणि तो रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जात असणार. हिच्या ते ध्यानात आलं, वहिनींच्या आलं. मालकीण काउंटरमागून निघाली. मला वाटलं, आता बोट पाटीवर जाणार. ती आली, पाटीखालीच बाकाच्या टोकाला बसली आणि ओले हात तिने मांडीवर ठेवले.

बुवांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे मिटून पुढची ओळ टाकली आणि हात मागे केला. माझी विजार समोर यंत्रात ओली पडली होती. मी चादर घट्ट धरली आणि ओळ उचलली.